डॉ. लागू कुठे शिकले होते?

प्रश्न : मुलगी एस.वाय.बी.ए.ला आहे. एकांकिकेत बक्षीस मिळालं, तेव्हापासून कॉलेज सोडून मुंबईत तीन महिन्यांचा अभिनयाचा कोर्स करायचा म्हणते. निळू फुले, डॉ. लागू कुठे शिकले होते? अभिनय शिकवून येतो का? – एक वडील, सिडको, नाशिक

उत्तर : नमस्कार. निळूभाऊ घडले राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात. डॉ. लागू कान-नाक-घशाचे सर्जन खरे; पण आपल्या तात्यासाहेब शिरवाडकरांचा 'नटसम्राट' त्यांना घेऊन १९७० साली रंगमंचावर आला, त्याआधी डॉक्टरांनी कित्येक वर्षं हौशी रंगभूमीवर तालमी केल्या होत्या. सर्टिफिकेट तेवढं नव्हतं.

कॉलेजची एकांकिका चार-पाच वेळा होते आणि टाळ्या बहुतेक मित्रांच्या असतात. (बक्षिसाचं कौतुक आहेच, रागावू नका.) व्यावसायिक नाटक आज आपल्या कालिदास कलामंदिरात, उद्या भलत्याच गावी. रात्रभर बसमध्ये झोप नाही, घसा बसलेला, तरी दुसऱ्या अंकातलं रडणं खरंच वाटलं पाहिजे. पहिल्या प्रयोगाला ते आपसूक येतं. साठाव्या प्रयोगाला कुठून आणायचं, हे शिकावं लागतं. श्वास, उच्चार, शरीर, समोरच्याचं वाक्य दर वेळी नव्यानं ऐकणं, सगळं त्यासाठीच. शूटिंगला तर शेवटचा सीनही आधी घेतात, तोही तुकड्यातुकड्यानं.

तीन महिन्यांत फार तर कॅमेऱ्याची भीती जाते. 'कोर्सनंतर मालिकेत काम नक्की' म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका.

तिला पदवी पूर्ण करू द्या. रोहिणी हट्टंगडी, अतुल कुलकर्णी ज्या दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात (एनएसडी) शिकले, तिथल्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला पदवी लागते, शिवाय किमान सहा नाटकांचा अनुभव. पुण्याचं ललित कला केंद्र आणि मुंबई विद्यापीठाची अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्स इथेही पदवीनंतर नाट्यशिक्षण घेता येतं. काम मिळण्याची हमी कुठेच नाही; मुंबईतल्या खोलीभाड्याची तजवीज आधीपासून करा.

ती सहा नाटकं नाशिकमध्येच होऊ शकतात. राज्य नाट्य स्पर्धेत इथल्या हौशी संस्था उतरतात. एखादीच्या तालमीला तिला पाठवा. सुरुवातीला प्रॉम्प्टिंग (नटाला विसरलेलं वाक्य आडून सांगणं) किंवा चहा सांगणंच वाट्याला येईल. दोन महिने तिनं तेही न कुरकुरता केलं, तर मला पुन्हा लिहा. मग प्रवेश परीक्षेचं बोलू.