कोल्हापूर जिल्ह्यातल्या खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरात नंदी का नाही?

कथा अशी की दक्षाच्या यज्ञाला निघालेली सती नंदीवर बसून गेली, म्हणून इथे नंदी नाही. तो भेटतो कृष्णेपलीकडे, कर्नाटकातल्या यडूरला. सतीच्या देहत्यागाने संतापलेल्या शंकराची समजूत विष्णूने घातली, म्हणून गाभाऱ्यात कोपेश्वराशेजारी धोपेश्वर, म्हणजे विष्णू. ही झाली दंतकथा.

इतिहास म्हणाल तर देऊळ शिलाहारांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं. शके ११३६ च्या शिलालेखात यादव राजा सिंघणाने दिलेल्या दानाची नोंद आहे. गावाचं जुनं नाव कोप्पम किंवा कोप्पद. इ.स. १०५४ ची चालुक्य-चोळ लढाई, जिच्यात राजाधिराज चोळ मारला गेला, ती इथलीच असं काही अभ्यासक मानतात; काही जण कर्नाटकातल्या कोप्पळकडे बोट दाखवतात.

खरी मजा स्वर्गमंडपात. छताला मधोमध गोल झरोका, बरोबर खाली तशीच गोल शिळा, भोवती खांबांची वर्तुळं. बाहेर देवळाच्या जोत्यावर हत्तींची रांग, बऱ्याच जणांच्या सोंडा तुटलेल्या. दुपारी झरोक्यातून उजेड आत उतरतो, तेव्हा जा.

गावातलं जुनं जैन मंदिरही बघा, बहुतेक लोक ते न बघताच परततात. आणि पावसाळ्यात कृष्णेचं पाणी विचारूनच निघा.