हॅमेट-चँडलरच्या जुन्या अमेरिकन डिटेक्टिव्ह कादंबऱ्या लोक अजून का वाचतात?

रहस्यासाठी तर नक्कीच नाही. रेमंड चँडलरच्या ‘द बिग स्लीप’मध्ये (१९३९) एक ड्रायव्हर मरतो; त्याला कोणी मारलं याचा शेवटपर्यंत नीट उलगडा होत नाही. तरी वाचकाचं काही अडत नाही!

खरी ओढ माणसांची आणि शहराची. डॅशिएल हॅमेटने पिंकर्टन या खासगी गुप्तहेर संस्थेत नोकरी केली होती. पाळत ठेवणं, खोटं बोलणारे अशील, हे सगळं त्याला आतून ठाऊक. त्यात अमेरिकेतली दारूबंदी (१९२०–३३) आणि पोलीस, पुढारी, गुंड यांचं साटंलोटं. म्हणून इथे खुनी सापडला तरी शहर सुधारत नाही, आणि लेखक तसं भासवतही नाही. दिवसाला २५ डॉलर आणि वर झालेला खर्च घेणारा चँडलरचा डिटेक्टिव्ह फिलिप मार्लो एवढंच बघतो, की आपण विकले जायचं नाही. असा माणूस कुठल्याही काळात जवळचा वाटतो.

बायकांचं चित्रण मात्र आज बऱ्याच ठिकाणी खटकतं.

सुरुवात हॅमेटच्या ‘द माल्टीज फाल्कन’पासून (१९३०) करा. त्यात नायकाच्या मनात काय चाललंय हे लेखक सांगत नाही. तो काय करतो, काय बोलतो यावरून आपणच ताडायचं.