तो हात कोणाचा?

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

हिजाबवरची तुझी अकरा कच्ची रेखाटने मी दोनदा पाहिली. हात सफाईदार आहे. परंतु अकराही चित्रांत काळ्या वस्त्रातली स्त्री केवळ आकृती म्हणून उभी आहे. ती कोण, कुठली, हे वस्त्र तिने आपणहून घेतले की तिच्यावर लादले गेले, याचा कुठेच मागमूस नाही, आणि माझी हरकत नेमकी इथे आहे.

इराणी कलावती शिरीन नेशात यांची 'विमेन ऑफ अल्लाह' (1993–97) ही छायाचित्रमालिका पुन्हा नीट पाहा. तिच्यातल्या 'रिबेलियस सायलेन्स' या छायाचित्रात चादोर, म्हणजे डोक्यापासून पायांपर्यंतचे इराणी आवरण, घेतलेल्या स्त्रीच्या चेहऱ्याचे बंदुकीच्या नळीने उभे दोन भाग झाले आहेत आणि त्या चेहऱ्यावर फारसीच्या बारीक ओळी लिहिल्या आहेत. फारसी न जाणणारा प्रेक्षक त्यांना सहज धर्मवचने समजतो. मीही समजले होते. वस्तुतः या मालिकेत इराणी कवयित्रींच्या कविता आहेत. त्यांतही फरोग फरोखजाद स्त्रीच्या इच्छा निर्भीडपणे मांडतात, तर ताहेरे सफ्फारजादे यांच्या शब्दांत श्रद्धेची आणि क्रांतीची ओढ आहे, आणि नेशात दोघींनाही जागा देतात.

इराणमध्ये 1936 साली रझा शाह यांच्या राजवटीने चादोरवर बंदी घातली, तेव्हा पोलिसांनी भर रस्त्यात स्त्रियांच्या डोक्यावरचे वस्त्र ओढले. 1979च्या क्रांतीच्या सुमारास शाहविरोधाची खूण म्हणून अनेकींनी तोच चादोर स्वेच्छेने घेतला. आणि 1983 साली डोके झाकणे कायद्याने सक्तीचे झाले. पन्नास वर्षांच्या आत ज्या वस्त्राचा अर्थ इतक्या वेळा पालटला, तो तुझ्या अकरा चित्रांत एकदाही पालटत नाही, याचे मला वाईट वाटते.

तेहरानच्या छायाचित्रकार शादी गदिरियन यांनी 'लाइक एव्हरी डे' या छायाचित्रमालिकेत फुलाफुलांच्या चादोरखाली चेहऱ्याच्या जागी इस्त्री, किसणी, झाडू अशा वस्तू ठेवल्या. तिथे नजर वस्त्रावरून घरकामात हरवलेल्या बाईकडे वळते. चादोर रोज जवळून पाहिलेल्या कलावतीलाच हे सुचू शकते, असे मला वाटते.

या विषयावर चित्रे काढू नकोस, असे मी म्हणत नाही. मात्र हिजाब घेणाऱ्या, तो सोडलेल्या आणि कधीच न घेतलेल्या मुस्लिम स्त्रियांशी आधी बोल, आणि त्यांचे बोलणे मध्येच तोडू नकोस. तुझ्या चौथ्या रेखाटनात वस्त्राची कड चिमटीत धरलेला हात आहे. तो ती कड पुढे ओढतो आहे की मागे सारतो आहे, हे अजून ठरलेले नाही. तेवढे एक ठेव, बाकीची दहा बाजूला कर, आणि पुढच्या भेटीला येशील तेव्हा तो हात कोणाचा, हे मला सांग.

तुझी,
मार्गदर्शिका