'क्येदे' की 'दिक्यारा'? इटलीतले अर्ज आणि तुमचे प्रश्न

मिलानमधल्या प्राध्यापिकेला ई-मेलमध्ये 'तू' चालेल का?

नाही. त्या स्वतः सुचवेपर्यंत 'लेई', म्हणजे आदराचं 'तुम्ही'.

भाषांतराचं ॲप 'लेई'चा अर्थ 'ती' दाखवतं. मी तर पुरुष अधिकाऱ्याला लिहितोय.

पुरुषालाही 'लेई'च. आदरासाठी मराठीत क्रियापद अनेकवचनी होतं, इटालियनमध्ये तृतीयपुरुषी एकवचनी. ॲप मधेच 'तू'ची रूपं घुसवतं. पाठवण्याआधी जाणकाराला दाखवा.

पत्राच्या सुरुवातीला 'स्पेत्ताबिले' हे संबोधन कोणाला लिहायचं?

कंपनीला, संस्थेला. व्यक्तीला 'जेंतिले'.

एजंटाने स्वयंघोषणेचा तयार नमुना दिलाय. 'सगळे हाच देतात' म्हणतो. सही करू का?

करू नका. आधी क्रियापद बघा. 'इल सोत्तोस्क्रित्तो' म्हणजे खाली सही करणारा. बाई असेल तर 'ला सोत्तोस्क्रित्ता'. पुढे 'क्येदे' असेल तर तुम्ही काही मागताय. 'दिक्यारा' असेल तर जबाबदारी घेऊन सांगताय, आणि त्याच कागदावर बहुधा 'कोन्सापेव्होले' हा शब्द असतो: खोट्या माहितीला फौजदारी शिक्षा आहे याची मला जाणीव आहे. इटलीच्या राष्ट्रपतींच्या 2000 सालच्या 445 क्रमांकाच्या हुकुमाचं कलम 76 ते हेच. शिवाय युरोपीय संघाबाहेरच्या नागरिकाला सहसा इटलीतल्या सरकारी कार्यालयांना पडताळता येईल तेवढंच असं घोषित करता येतं. भारतातलं लग्न त्यात सहसा बसत नाही. त्याला अपॉस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचा सरकारी शिक्का) केलेला दाखला आणि इटालियन भाषांतर लागतं. हे न सांगता नमुने विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. पैसे त्यांचे, सही तुमची! न कळणारं एकही वाक्य असेल तर कागद घेऊन 'पात्रोनातो'त, म्हणजे अशा अर्जांना मदत करणाऱ्या संस्थेत जा, गुंतागुंत असेल तर वकिलाकडे. मुदतीच्या आदल्या दिवशी मात्र नको.

पासपोर्टवर माझ्या नावाला जोडून वडिलांचं नाव आहे. अर्जात गाळलं तर?

गाळू नका. 'कोदिचे फिस्काले' हा सोळा अक्षर-अंकांचा कर क्रमांक नावातल्या अक्षरांवरूनही बनतो. नुसत्या 'अमित'ची त्या कोडातली अक्षरं एम-टी-ए, 'अमित विष्णू'ची एम-व्ही-एस. कोड चुकीचा मिळाला असेल तर पासपोर्ट घेऊन कर कार्यालयात, 'आजेन्त्सिया देल्ले एन्त्राते'त जा. घरभाड्याच्या करारावर तो चुकीचा कोड पडण्याआधी.