सोलापुरातल्या जुन्या दफनभूमीच्या जतनासाठी स्वयंसेवक हवे आहेत असं कळलं. मला काहीच अनुभव नाही. जाऊन काय काम करता येईल?

या, जरूर या. पण प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, "सफाईचं सामान माझं मी आणतो, दगड चकाचक करून देतो." ते चकाचक वाचलं आणि राहवलं नाही.

आठ वर्षांपूर्वी मीही असाच उत्साहानं गेलो होतो. आमच्या भागात त्या जागेला गोऱ्यांचं कब्रस्तान म्हणतात, पण नुसते गोरे नाहीत तिथं. इंग्रजी अक्षरांच्या कबरी ओलांडल्या की मराठी आहेत, तेलुगू आहेत. सगळीकडं वेडी बाभूळ माजलेली. आम्ही सात-आठ जण रविवारी सकाळी कोयते घेऊन जायचो. तीन रविवारांत एक कोपरा मोकळा झाला आणि त्यात गुडघ्याएवढा एक दगड निघाला. लहान बाळाचा. समोरून बघितलं तर कोरी पाटी. सकाळचं ऊन बाजूनं तिरकं आलं तशी त्यावर अक्षरं उठली. माझी मुलगी तेव्हा चौथीत होती. उकिडवी बसून, बोट न लावता, एकेक अक्षर लावत होती. नावाचं पहिलं अक्षर ई, पुढचं झिजलेलं, आडनाव अर्धं, आणि खाली अगदी स्पष्ट: वय सात महिने. त्याच्याही खाली दोन ओळी होत्या. ऊन वर चढलं, अक्षरं बुजली. मी म्हणालो, राहू दे, पुढच्या रविवारी वाचू.

पुढच्या रविवारी एक मंडळ मदतीला आलं. तीस-चाळीस पोरं, मनापासून राबणारी. कुणीतरी म्हणालं, हे काळं ब्रशनं निघायचं नाही, ॲसिड लागतंय. गाडी माझ्याकडं होती. पाच लिटरचा कॅन मी आणला, पैसेही मीच दिले. ओतल्याबरोबर पांढरा फेस आला. सगळे म्हणाले, बघा घाण कशी निघतीय. घाण नव्हती ती, दगड होता. शहाबादी घ्या नाहीतर संगमरवर घ्या, दोन्हींत चुनाच. ॲसिड पडलं की वरचा पापुद्रा विरघळून वाहून जातो, आणि अक्षरं असतात ती त्याच पापुद्र्यात. पाणी मारल्यावर दगड धुतलेल्या कपबशीसारखा पांढरा दिसायला लागला. मुलगी जवळ गेली, वाकून बघितलं आणि मला विचारलं, "पप्पा, सात महिने कुठं गेले?"

त्या दिवसाचे फोटो भरपूर आहेत. सगळे आम्हा लोकांचे. त्या दगडाचा, अक्षरांसकट, एकही नाही.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. दगड स्वच्छ करणं हे दुय्यम काम आहे, काही दगडांच्या बाबतीत तर ते करूच नये. पहिलं काम अक्षरं उतरवून घ्यायचं. त्याला अनुभव लागत नाही, चिकाटी लागते. एकानं आरसा धरायचा आणि ऊन दगडाच्या कडेनं, जवळजवळ समांतर सोडायचं. दुसऱ्यानं फोटो काढायचा, तिसऱ्यानं जसं दिसतं तसंच वहीत लिहायचं. दिसत नाही तिथं टिंबं द्यायची, अंदाजानं नाव पुरं करायचं नाही. खडू, पीठ, दाढीचा फेस असलं काही अक्षरांत भरायचं नाही. हे फोटो नुसते आपल्याजवळ ठेवू नका. लंडनला ब्रिटिश असोसिएशन फॉर सेमेटरीज इन साउथ एशिया म्हणून संस्था आहे, १९७६ पासूनची. आपल्याकडच्या अशा कबरींच्या नोंदी ती जमवते. तिकडं एक प्रत गेली की कुणाचा तरी पणतू शोधत आला तर त्याला सापडेल.

धुवायचंच ठरलं तर साधं पाणी आणि नायलॉनचा मऊ ब्रश. तारेचा ब्रश नको, प्रेशरचं पाणी नको. फटी सिमेंटनं बुजवू नका, सिमेंट दगडापेक्षा कडक असतं, आतली ओल बाहेर पडू देत नाही आणि मग दगडच कडेनं फुटतो. चुना लागतो तिथं, आणि चुन्याचं काम येणारा गवंडी. कललेले दगड पहारीनं सरळ करायला जाऊ नका. आपली काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसात फुगते, आज उभा केलेला दगड दोन वर्षांत पुन्हा कलणार, पहारीनं तुटला तर मात्र कायमचा तुटला. पिंपळाचं रोप फटीतून उपटू नका, बुडाशी कापा.

आता "ज्यांचं इथं कुणी नाही त्यांच्यासाठी एवढं का करायचं" हा तुमचा दुसरा प्रश्न. हाच प्रश्न आमचे अण्णा, माझे थोरले भाऊ, मला आठ वर्षं विचारतायत. त्यांचं म्हणणं, ज्यांनी १९३० ला या गावावर मार्शल लॉ लावला, १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे या चौघांना येरवड्यात फाशी दिली, त्यांच्या कबरी तू झाडतोस? अण्णा, चार पुतळ्यापाशी, त्या चौघांच्या स्मारकापाशी, मीही दरवर्षी उभा राहतो. पण सात महिन्यांच्या बाळानं कुणाला फाशी दिली?

आणि आपले डॉक्टर कोटणीस? सोलापुरातल्या भैय्या चौकातल्या घरातला हा माणूस १९३८ ला जपानशी लढणाऱ्या चीनमध्ये जखमींवर उपचार करायला गेला, ९ डिसेंबर १९४२ ला तिथंच वारला, वय ३२. त्यांची कबर शिजियाझुआंगला आहे. एप्रिलच्या सुरुवातीला तिथं पूर्वजांच्या कबरी झाडायचा सण असतो, तेव्हा लोक कोटणीसांच्या कबरीवरही फुलं वाहतात. त्यांचे तरी ते कोण लागतात?

आम्ही लिंगायत. आमच्यात जाळत नाहीत, बसवून माती देतात. परवा मी अण्णांना एवढंच विचारलं, आपल्या अज्जांची जागा दाखवता का? गेलो दोघं. तासभर फिरलो. चौथऱ्यावर नाव कोरलं नव्हतं, नंतर चौथराही राहिला नाही. अण्णा एका लिंबाखाली थांबून म्हणाले, इथंच असेल बहुतेक.

दोन-तीन गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. दफनभूमी ज्यांच्या ताब्यात आहे, चर्चची कमिटी असो की महापालिका, त्यांची लेखी परवानगी घेतल्याशिवाय कोयता लावू नका. भावना दुखवायच्या हेतूनं दफनभूमीत घुसणं हा न्याय संहितेच्या कलम ३०१ खाली गुन्हा आहे. तुमचा हेतू तसा नाही हे खरं, पण ते पोलिसांना समजावत बसण्यात रविवार जाईल. चप्पल घालून येऊ नका, वेडी बाभळीचा काटा तळातून आरपार येतो, आणि झुडपात घोणस असते. काठी आपटत चला.

सकाळी साडेसहाला या, नऊनंतर ऊन वर जातं आणि काही वाचता येत नाही. माझी मुलगी आता बारावीत आहे, वही तीच सांभाळते. येताना आरसा आणा. हातातला छोटा नको, जुन्या कपाटाच्या दाराचा निघत असेल तर तो.