मऊ लाकडाचे वाडगे : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

घरच्या लेथवर (लाकूड गरगर फिरवून कातण्याच्या यंत्रावर) पाइनचे वाडगे करणाऱ्या वाचकांकडून तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येत आहेत. लाकूड मऊ आहे, तेव्हा ते कसेही हाताळले तरी चालेल, हा समज त्या साऱ्यांच्या मुळाशी आहे. म्हणून ही उत्तरे एकत्र देत आहे.

पांगारा पाइनपेक्षा हलका असतो, मग त्याला सॉफ्टवुड का म्हणत नाहीत? (गिरगाव)

पाइन, देवदार, स्प्रूस अशा सूचिपर्णी झाडांच्या लाकडालाच सॉफ्टवुड म्हणतात; ते वजनावरून ठरत नाही.

वाडग्याच्या समोरासमोरच्या दोन बाजू खरबरीत राहतात. पॉलिश पेपर घासूनही फरक पडत नाही. (मुलुंड)

घासणे थांबवावे. पाइनच्या वाढीच्या वर्तुळातील फिकट भाग मऊ आणि गडद भाग कठीण असल्यामुळे पेपर आधी मऊ भाग खातो आणि पृष्ठभागावर लाटा उमटतात. त्या दोन बाजूंना हत्यार लाकडाच्या धाग्याविरुद्ध जाते, तेथे बोथट पटाशी तंतू कापत नाही, उपटते. गोल पटाशीला ताजी धार लावून, बाहेरून बुडाकडून काठाकडे आणि आतून काठाकडून मध्याकडे, अगदी पातळ काप घ्यावा. धार लावणे मात्र एखाद्या अनुभवी कातारी कारागिराजवळ बसूनच शिकावे.

साकीनाक्याच्या भंगारवाल्याकडून मालपेटीच्या पाइन फळ्या स्वस्तात मिळाल्या. आठवडाभर उन्हात ठेवल्या की औषध उडून जाते, असे शेजारी सांगतात. कोशिंबिरीसाठी वाडगे करू का? (अंधेरी)

करू नयेत. हा प्रश्न मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो, म्हणून सविस्तर लिहितो. परदेशी जाणाऱ्या मालाच्या लाकडी पेट्यांवर कीडनाशाच्या प्रक्रियेचा शिक्का असतो. त्यातील ‘एचटी’ म्हणजे गाभ्यापर्यंत किमान ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटे राखलेले लाकूड, आणि ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेले. ‘एमबी’ची फळी मी कार्यशाळेतच येऊ देत नाही. पण ‘एचटी’ पाहून निर्धास्त होणेही चूक आहे, कारण हा शिक्का फक्त किडीविषयी बोलतो. त्या पेटीत नंतर कीटकनाशकाचे डबे होते की यंत्राचे तेल सांडले होते, हे तो सांगत नाही. कारखान्यातील पाणी गार करणाऱ्या जुन्या कूलिंग टॉवरचे लाकूड याहून घातक असू शकते. त्यात तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे मिश्रण मुरवलेले असण्याची शक्यता असते. ही पद्धत सोंटी कामेसम या भारतीय शास्त्रज्ञाने १९३३ मध्ये शोधली आणि वाळवीपासून लाकूड वाचवण्यासाठी ती उत्तमच आहे, पण ताटात येणाऱ्या वस्तूसाठी मुळीच नाही. त्याची हिरवट छटा कालांतराने फिकी पडते आणि आर्सेनिक लाकडातच राहते, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनी पारख होत नाही. उन्हाने तर ते जातच नाही. उगम ठाऊक नसलेल्या फळीचा वाडगा जेवणासाठी करू नये, तिचा भुसा घरात उडवू नये आणि ती शेकोटीतही घालू नये. रे रोडच्या वखारीत जाऊन, विचारून, प्रक्रिया न केलेले लाकूड विकत घ्यावे.

जुलैत केलेला वाडगा दिवाळीनंतर तडकला. (दादर)

मुंबईच्या पावसाळी हवेत लाकूड १७-१८ टक्के ओलावा धरून बसते आणि हवा कोरडी झाली की सुकताना तडकते. ओबडधोबड आकार जाड ठेवून, काठांना मेण लावून सावलीत ठेवावा. दर आठवड्याला स्वयंपाकघरातील काट्यावर वजन करावे आणि ते स्थिर झाल्यावरच अखेरचा काप घ्यावा. खोडाचा गाभा मध्ये असेल तर इतके करूनही तडा जाईल, म्हणून कापण्यापूर्वी तुकडा जाणकाराला दाखवावा.

दुकानदार ‘फूड सेफ’ म्हणून बॉइल्ड लिनसीड ऑइल (लाकडाला लावायचे जवसाचे तेल) देतो. घ्यावे का? (बोरिवली)

तो शब्द डब्यावर छापला म्हणून तेल खाण्यायोग्य होत नाही. या तेलात लवकर सुकण्यासाठी बहुधा धातूंचे क्षार घातलेले असतात. घटकांची यादी मागावी, मिळाली नाही तर डबा परत द्यावा. खाण्याचे शुद्ध जवस तेल हळू सुकते, पण तेच वापरावे. दोन्ही तेलांनी भिजलेल्या चिंध्यांचा बोळा मात्र गॅलरीत टाकू नये, कारण सुकताना त्या तापून आपोआप पेट घेतात. प्रत्येक चिंधी उघड्यावर सुटी पसरून वाळवावी.

लेथवर काम केल्यावर रात्री खोकला येतो. (चेंबूर)

काम आजच थांबवून डॉक्टरांना दाखवावे आणि लाकडाच्या भुशाचा उल्लेख आवर्जून करावा. त्यांनी परवानगी दिली तरी एन९५ मास्कशिवाय लेथ सुरू करू नये.