एकच घंटा, दोन पगार

बाईंना विचारा
(शाळा, नोकरी आणि स्टाफरूम यांविषयी वाचकांचे प्रश्न. उत्तरे देतात एक निवृत्त मुख्याध्यापिका.)

प्रश्न : आदरणीय मॅडम, मी बी.एस्सी., बी.एड. असून टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) आणि अभियोग्यता चाचणी देऊन २०२४ मध्ये शिक्षकभरतीच्या सरकारी पवित्र पोर्टलमार्फत एका अनुदानित माध्यमिक शाळेत शिक्षणसेवक म्हणून, म्हणजे पहिली तीन वर्षे ठरावीक मानधनावर, लागलो. गाव परभणी जिल्ह्यात, नोकरी सिंधुदुर्गात. मानधन १८,००० रुपये. खोलीभाडे, मेस आणि गावी जाण्या-येण्याचा खर्च वजा जाता घरी पाठवायला फार काही उरत नाही. आठवीच्या दोन तुकड्यांपैकी ‘अ’चे गणित मी शिकवतो आणि ‘ब’चे आमचे एक ज्येष्ठ सर. पुस्तक एक, तास तितकेच, पेपरही एकच. त्यांचा पगार १,१५,००० आहे. सर १९९८ पासून आहेत, स्वभावाने चांगले आहेत. पण मी काही बोललो की म्हणतात, “आम्हीपण सोसलंय, तीन वर्षं काय बघता बघता जातात.” शाळेचे ऑनलाइनचे सगळे काम माझ्याकडे, कारण ‘तुम्ही नवीन, तुम्हाला जमतं.’ त्यात आता सरांना टीईटी द्यावी लागणार म्हणून ते मला बालमानसशास्त्र शिकवा म्हणतात. खरे सांगतो, मला राग येतो. समान कामाला समान वेतन असा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे ना? मी कोर्टात जाऊ का? की गप्प बसू? मुलींकडचे लोकसुद्धा पहिला प्रश्न ‘पर्मनंट कधी?’ हाच विचारतात.
– एक शिक्षणसेवक

उत्तर : सर, तुम्ही गणिताचे. म्हणून आधी हिशेब करू, राग नंतर बघू.

तुमच्यात आणि त्यांच्यात ९७,००० रुपयांचा फरक आहे. पण हा सगळा एका जातीचा फरक नाही. तुमच्या पदाची सातव्या वेतन आयोगातली श्रेणी एस-१४, म्हणजे ३८,६०० ते १,२२,८००. तुम्ही पहिल्या दिवसापासून नियमित असता तर मूळ वेतन ३८,६०० मिळाले असते. महागाई भत्ता ५० टक्केच धरला तरी ५७,९००, घरभाडे भत्ता वेगळा. म्हणजे तुमच्या खिशातून दरमहा ३९,९०० रुपये शासनाचे धोरण काढून घेते. ३६ महिन्यांचे १४ लाख ३६ हजार. उरलेले ५७,१०० सरांच्या वर्षांचे आहेत : दरवर्षीची ३ टक्के वेतनवाढ, १२ वर्षांनंतरची वरिष्ठ श्रेणी, त्यावर चढलेला भत्ता. त्यावर रागावू नका, तुम्हीही एक दिवस त्या जागी बसणार आहात.

मी नोकरीला लागले तेव्हा प्रशिक्षित पदवीधराला १४००-२६०० ही श्रेणी होती. माझ्या शेजारी बसणाऱ्या, माझ्याआधी वीस वर्षे लागलेल्या गुरुजींना माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त मिळायचे. मला कधी वाईट वाटले नाही, कारण जिना तोच होता, ते वरच्या पायरीवर होते आणि मी खालच्या. तुम्हाला जिन्यावर पायच ठेवू दिलेला नाही, तुम्ही ओसरीवर आहात. राग आहे तो याचा, आणि तो रास्त आहे.

आता सरांच्या ‘आम्हीपण सोसलंय’ विषयी. शिक्षणसेवक योजना राज्यात २००० साली आली. १९९८ ला लागलेल्या माणसाने ही तीन वर्षे काढलेली असूच शकत नाहीत. मात्र त्या काळात अनेकांनी विनाअनुदानित शाळेत बिनपगारी किंवा संस्था देईल त्यावर वर्षानुवर्षे काढली. सरांचे सोसणे त्या जातीचे असेल तर ते तुमच्यापेक्षा कमी नव्हते. एकदा चहा पिताना विचारा, “सर, तुमची शाळा अनुदानावर कधी आली?” उत्तर ऐकल्यावर तुम्ही दोघे वेगळ्या तऱ्हेने बोलू लागाल असा माझा अंदाज आहे. अंदाज चुकला तर निदान वाद तरी तारखांवर होईल.

कोर्टाचे म्हणाल तर तुम्ही अर्धेच वाचले आहे. २६ ऑक्टोबर २०१६ चा पंजाब राज्य विरुद्ध जगजितसिंग हा निकाल तुमच्या मनात असणार. नियमित माणसाचेच काम करणाऱ्या रोजंदारी, तात्पुरत्या, कंत्राटी कर्मचाऱ्याला त्या पदाच्या श्रेणीचे किमान वेतन द्यावे, असे त्यात सांगितले. ऑगस्ट २०२५ मध्ये गुजरातच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांनाही सुप्रीम कोर्टाने किमान श्रेणी दिली. ते ३०,००० वर राबत होते आणि त्याच कामाला नियमितांना लाखाच्या पुढे होते. समारंभात ‘गुरुर्ब्रह्मा’ म्हणून भागत नाही, अशा अर्थाचे कोर्टाने तिथे सुनावले. ५ सप्टेंबरला पुष्पगुच्छ घेताना मला हेच वाटायचे, फक्त माझे म्हणणे कुणी छापले नाही.

पण १० मे २०१९ चा निकालही वाचा. बिहारमध्ये ‘नियोजित’ शिक्षक साडेतीन लाखांहून अधिक. जुने शिक्षक पूर्ण श्रेणीत, नवे पंचायतींमार्फत नेमलेले, पगार कमी. अगदी तुमचेच दुखणे. पाटणा उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्यांच्या बाजूने कौल दिला, पण सुप्रीम कोर्टाने तो फिरवला. जुन्यांचा संवर्ग वेगळा आणि संपत चाललेला, नव्यांची भरती वेगळ्या नियमांनी, शिवाय तिजोरीवरचा बोजा प्रचंड, हे सरकारचे म्हणणे कोर्टाने ऐकले. मला तो निकाल पटलेला नाही, पण माझ्या पटण्यावर तुमची याचिका चालणार नाही. सरकारी वकील तोच पहिल्यांदा काढतील. शिवाय ते म्हणतील की शिक्षणसेवक हा कंत्राटी नव्हे, तीन वर्षांनी नियमित होणारा माणूस आहे आणि अटी मान्य करून रुजू झाला आहे.

म्हणून एकट्याने वकील लावू नका. १८,००० मधून वकील लावायचा म्हणजे गावी पैसे पाठवणे बंद. संघटनेमार्फत, अनेकांनी मिळून गेलात तर गोष्ट वेगळी. कोर्टाचा उपयोगच नाही असे मात्र समजू नका. माध्यमिकचे मानधन दहा वर्षांहून अधिक काळ ८,००० वर अडकले होते. २०२२ मध्ये नागपूर खंडपीठाने ते तुटपुंजे ठरवले आणि जानेवारी २०२३ पासून प्राथमिकला १६,०००, माध्यमिकला १८,००० आणि उच्च माध्यमिकला २०,००० झाले. तुम्ही ज्यावर चिडता ते १८,००० कुणीतरी भांडून मिळवले आहेत. तेवढ्यावर थांबायचे का, हा पुढचा प्रश्न. मानधनाला महागाई भत्ता जोडलेला नाही, त्यामुळे भाव वाढतात आणि आकडा जिथल्या तिथे राहतो. संघटनेत जाल तेव्हा मागणी याची करा. १८ चे २५ करा म्हटले की २५ वर पुन्हा दहा वर्षे काढावी लागतील.

(एक गंमत. दर महिन्याला तुमचा २०० रुपये व्यवसाय कर कापला जातो ना? तुमच्या जागी शिक्षणसेविका असती तर कापला नसता. महिलांना २५,००० पर्यंत माफ आहे.)

आता ज्या गोष्टीची मला खरी काळजी वाटते ती सांगते, कारण तिचा तुम्ही पत्रात उल्लेखही केलेला नाही. तीन वर्षे संपली की नियमित श्रेणी आपोआप लागत नाही. संस्थेचा ठराव, मुख्याध्यापकांचा प्रस्ताव, शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता, मग पगार काढणारे वेतन पथक. यातला एक कागद अडला की चौथ्या वर्षातही १८,००० च. फरकाचे बिल नंतर निघते, पण घरमालक फरकाच्या बिलापर्यंत थांबत नाही. माझ्या मुख्याध्यापकपदाच्या काळात असे प्रस्ताव मी स्वतः घेऊन शिक्षणाधिकारी कार्यालयात बसले आहे. रुजू अहवालावर दिनांक नाही, एवढ्या त्रुटीवर परत आलेले प्रस्ताव मला ठाऊक आहेत. २०२५ मध्ये नागपूरकडचे बोगस शालार्थ आयडीचे (ऑनलाइन पगारासाठी शिक्षकाला मिळणाऱ्या क्रमांकाचे) प्रकरण बाहेर आल्यापासून प्रामाणिक माणसाचेही कागद दोनदा चाळले जातात.

तेव्हा नेमणूक आदेश, रुजू अहवाल, वैयक्तिक मान्यतेचे पत्र, शालार्थ आयडीचा आदेश, टीईटीचे प्रमाणपत्र यांच्या प्रती आजच काढून स्वतःजवळ ठेवा. दरवर्षीचा गोपनीय अहवाल लिहिला गेला का, हे मुख्याध्यापकांना नम्रपणे विचारा. ही औपचारिकता नव्हे. १९७७ च्या खासगी शाळा कायद्यात, परिवीक्षेच्या काळात काम समाधानकारक नाही म्हणून महिन्याच्या नोटिशीने कमी करण्याचा अधिकार संस्थेला आहे आणि अहवाल नसेल तर तुमची बाजू तोंडी राहते. मुदत संपायच्या दोन-तीन महिने आधी प्रस्तावासाठी लेखी अर्ज द्या. पोच घ्या.

ऑनलाइन कामाबद्दल : ‘तुम्हाला जमतं’ हे कौतुक नव्हे, कामवाटप आहे, आणि कामवाटप कागदावर असते. मुख्याध्यापकांना सांगा की हे काम माझ्याकडेच असेल तर तसा लेखी आदेश द्या आणि आठवड्याच्या दोन तासिका कमी करा. आवाज चढवू नका. आदेश मागितला की निम्मे काम आपोआप दुसऱ्याकडे जाते, हे मी खुर्चीच्या दोन्ही बाजूंनी पाहिले आहे.

आणि सरांना बालमानसशास्त्र शिकवा. सुप्रीम कोर्टाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या शिक्षकाला दोन वर्षांत टीईटी पास होणे भाग पाडले. पंचवीस-तीस वर्षे फळ्यासमोर उभा असलेला माणूस पोराच्या वयाच्या सहकाऱ्याला ‘मला शिकवा’ म्हणतो, तेव्हा त्याला काय वाटत असेल? तुमचे १४ लाख त्यांनी घेतलेले नाहीत, ते मंत्रालयात राहिले आहेत. बदल्यात त्यांच्याकडून एक गोष्ट मागा : प्रस्तावाच्या वेळी संस्थेच्या सचिवांना सरांनी दोन शब्द सांगावेत. २७ वर्षे त्या शाळेत काढलेल्या माणसाचे दोन शब्द तुमच्या चार अर्जांहून भारी पडतात.

जुन्या पेन्शनचे तुम्ही विचारले नाही. ती १ नोव्हेंबर २००५ च्या आधी लागलेल्यांसाठी आहे, त्यामुळे तुम्ही त्या रेषेच्या पलीकडे आहात, सर अलीकडे. ही दरी तीन वर्षांत संपणारी नाही. मार्च २०२३ चा राज्यव्यापी संप त्याचसाठी होता. त्यावर पुढे कधीतरी.

मुलींकडच्यांना मात्र स्पष्ट सांगा : २०२७ ला नियमित, तेव्हा मूळ पगार ३८,६००. लपवू नका, फुगवूही नका.

प्रश्न : बाई, आमच्या शाळेतले एक सर निवृत्त होत आहेत. निरोप समारंभाला प्रत्येकी १,००० रुपये वर्गणी ठरली. आमच्या शिक्षणसेविकेने ५०० चालतील का विचारले तर काही जण म्हणाले, “जेवण सगळ्यांना सारखंच ना?” मी वर्गणी गोळा करते. काय करू?
– सहशिक्षिका, सोलापूर जिल्हा

उत्तर : जेवण सारखे, काम सारखे, मग वर्गणीच्या दिवशीच समानता का आठवते, हे त्यांना विचारायचा मोह मला झाला असता. तुम्ही विचारू नका, तुम्हाला त्यांच्याबरोबर राहायचे आहे. आकड्याऐवजी ‘अर्ध्या दिवसाचा पगार’ अशी वर्गणी ठरवा. तिचे ३०० होतील, लाखवाल्यांचे सोळा-सतराशे, आणि एकूण रक्कम बहुधा आधीपेक्षा जास्तच जमेल. यादी फळ्यावर लावू नका, पाकिटे घ्या.